तांब्याच्या कॉलममध्ये नेमकं काय घडतं?

स्टीलचं मोठं भांडं, त्यावर छातीएवढी उंच तांब्याची नळी म्हणजेच कॉलम, नळीच्या माथ्याला थंड पाण्याचे पाइप आणि बाजूच्या तोटीतून थेंब थेंब गळणारं नितळ द्रव. ‘रिफ्लक्स स्टिल’ नावाच्या दारू गाळायच्या या यंत्राचे व्हिडिओ हल्ली आपल्याकडच्या मुलांच्या फोनवरही फिरतात. त्यातले बरेचसे परदेशातले असतात. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरती दारू घरी गाळायला कायद्याने मोकळीक आहे, त्यामुळे तिथे हा छंद उघडपणे चालतो. मुंबईत ती मोकळीक नाही. दारू गाळणं तर सोडाच, त्या हेतूने असं यंत्र घरात ठेवणंही इथे गुन्हा आहे. त्याबद्दल पुढे लिहितोच.

पण यंत्र समजून घ्यायला कुणाची बंदी नाही, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. तुर्भे, तळोजा, अंबरनाथ, तारापूर या पट्ट्यातले रसायनांचे कारखाने याच तत्त्वावर चालतात. माहुलच्या रिफायनऱ्यांमधले उंच मनोरेही तेच काम करतात. मी स्वतः कारखान्यात सॉल्व्हंट रिकव्हरीच्या, म्हणजे वापरलेली द्रावकं शुद्ध करून परत मिळवायच्या कॉलमवर काम केलं आहे. तिथे नव्याने आलेल्या मुलांना हे समजावताना लक्षात आलं, की गोंधळ गणितात नसतो. उकळणं म्हणजे काय, याच्या चित्रातच तो असतो. म्हणून सुरुवात तिथून.

मिश्रण कसं उकळतं

शाळेत ऊर्ध्वपातन शिकलेल्या बहुतेकांच्या मनात एक हिशेब पक्का बसलेला असतो. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं, इथेनॉल म्हणजे पिण्याच्या दारूतलं अल्कोहोल ७८.४ अंशांना. मग मिश्रण ७८ अंशांवर धरून ठेवलं, की अल्कोहोल सगळं उडून जाईल आणि पाणी मागे राहील. हा हिशेब चुकीचा आहे, आणि तो मनातून गेल्याशिवाय कॉलम कळत नाही.

दोन द्रव एकमेकांत पूर्ण मिसळले की ते आपापल्या अंशांना वेगवेगळे उकळत नाहीत. सगळं मिश्रण मिळून एका तापमानाला उकळतं आणि ते तापमान दोघांच्या प्रमाणावर ठरतं. दहा टक्के अल्कोहोल असलेलं आंबवलेलं द्रव ९३ अंशांच्या आसपास उकळायला लागतं. ७८ अंशांवर ते नुसतं तापलेलं असतं. आच वाढवली तर वाफ जास्त निघेल, पण उकळण्याचं तापमान वाढणार नाही. ते वाढतं भांड्यातलं अल्कोहोल कमी होत जातं तसं. म्हणजे तापमान आपण ठरवत नसतो, मिश्रण ठरवतं. थर्मामीटर आपल्याला मिश्रणाची बातमी देतो, एवढंच.

आता वाफेकडे बघू. उकळत्या मिश्रणातून निघणाऱ्या वाफेत पाणी आणि अल्कोहोल दोन्ही असतात, पण अल्कोहोल जास्त उडणारं असल्यामुळे वाफेत त्याचा वाटा वाढलेला असतो. दहा टक्क्यांच्या द्रवातून निघालेली पहिली वाफ थंड केली, तर मिळणाऱ्या द्रवात अल्कोहोल निम्म्याच्या आसपास असतं. एका उकळीत दहावरून पन्नास! हे पन्नास टक्क्यांचं द्रव वेगळ्या भांड्यात घेऊन पुन्हा उकळलं, तर पहिली वाफ ऐंशीच्या आसपास जाते. ऐंशीचं उकळलं तर नव्वदीच्या अलीकडे पलीकडे. पहिली उडी मोठी, दुसरी त्याहून लहान, तिसरी आणखी लहान.

साध्या भट्टीत म्हणजे भांडं, नळी आणि थंड पाणी एवढ्याच मांडणीत, यातली एकच उडी मिळते. तीही सुरुवातीलाच, कारण भांड्यातलं अल्कोहोल घटत गेलं की वाफही पातळ होत जाते आणि सगळी धार एकत्र केल्यावर सरासरी बरीच खाली येते. जास्त तीव्रता हवी असेल तर तेच द्रव पुन्हा भांड्यात ओतायचं, पुन्हा उकळायचं, पुन्हा थंड करायचं. प्रत्येक वेळी नवं इंधन, प्रत्येक वेळी थोडा माल वाया. शेकडो वर्षं जगभरच्या भट्ट्या अशाच चालल्या.

परत पाठवलेले थेंब

वरणाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं की झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब जमतात आणि परत वरणात पडतात. वाफ वर गेली, थंड झाली, द्रव होऊन खाली आली. याला रिफ्लक्स म्हणतात. वरणात उडणारं फक्त पाणी असतं, म्हणून त्यातून काही वेगळं होत नाही. पण झाकण आणि वरण यांच्यामध्ये उंच नळी उभी केली आणि वरणाच्या जागी दोन द्रवांचं मिश्रण ठेवलं, तर खाली येणारे थेंब आणि वर जाणारी वाफ यांची वाटेत भेट होते. सगळं काम त्या भेटीत होतं.

कसं, ते सावकाश पाहू. माथ्यावरच्या थंड पाण्याने वाफेचं द्रव झालं. हे द्रव वरच्या टोकाचं, म्हणजे अल्कोहोलने समृद्ध. ते नळीतून खाली उतरू लागतं. खालून येणारी वाफ जास्त गरम असते आणि तिच्यात पाणी जास्त असतं. दोघांचा स्पर्श होतो तेव्हा वाफेतलं पाणी थंड होऊन द्रवात उतरतं. वाफेचं द्रव होताना उष्णता बाहेर पडते. ती उष्णता उतरणाऱ्या द्रवाला मिळते आणि त्यातलं अल्कोहोल उडून वाफेत जातं. वाफ थोडी समृद्ध होऊन वर सरकते, द्रव थोडं पाणीदार होऊन खाली सरकतं. हातभर वर पुन्हा तीच देवाणघेवाण, फक्त आता दोघांची पातळी एक पायरी वरची. भांड्यात परतणाऱ्या द्रवात शेवटी पाणीच पाणी, माथ्याला पोचणाऱ्या वाफेत जवळजवळ अल्कोहोलच.

मला यात सर्वांत सुंदर वाटतो तो उष्णतेचा हिशेब. एक मोल, म्हणजे रेणूंची एक ठरावीक संख्या, एवढी पाण्याची वाफ द्रव होताना सुमारे ४०.७ किलोजूल उष्णता सोडते. एक मोल इथेनॉलला उडायला सुमारे ३८.६ किलोजूल लागते. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. म्हणजे पाण्याचा एक रेणू खाली उतरला, की त्याने सोडलेल्या उष्णतेवर अल्कोहोलचा साधारण एक रेणू वर चढतो. भट्टीखालची आच एकदाच द्यायची आणि तीच उष्णता नळीभर हातोहात पुढे जात राहते. साध्या भट्टीत चार वेळा उकळायला चार वेळा इंधन लागलं असतं. इथे नळीच्या उंचीत त्या चारही उकळ्या एकावर एक बसवलेल्या असतात.

या गुणधर्माचा आधार घेऊन वॉरन मॅककेब आणि अर्नेस्ट थीली या दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ मध्ये एक रीत मांडली. आलेख कागदावर एक वक्ररेषा आणि दोन सरळ रेषा काढायच्या, त्यांच्यामध्ये जिना रेखायचा आणि पायऱ्या मोजायच्या. जितक्या पायऱ्या, तितक्या उकळ्या कॉलममध्ये हव्यात. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘यूडीसीटी’ असलेल्या त्या संस्थेत, केमिकल इंजिनिअरिंगचा विद्यार्थी हा जिना पेन्सिलीने काढायला शिकतोच. संगणक आले तरी कॉलमबद्दलची समज त्या जिन्यातूनच येते.

अशा एका पायरीला कारखान्यात ‘प्लेट’ म्हणतात. मोठ्या कॉलममध्ये खरोखरच्या प्लेटा असतात, म्हणजे भोकं पाडलेल्या आडव्या चकत्या. भोकांतून वाफ वर येते, चकतीवर साचलेल्या द्रवातून बुडबुडत जाते आणि द्रव कडेच्या वाटेने खालच्या चकतीवर उतरतं. लहान कॉलममध्ये चकत्यांऐवजी नळीत काहीतरी भरतात: तांब्याची जाळी गुंडाळून, किंवा काचेच्या, चिनीमातीच्या लहान कड्या. याला पॅकिंग म्हणतात. पॅकिंगचं काम एकच, उतरणाऱ्या द्रवाला पसरायला जास्तीत जास्त पृष्ठभाग देणं. रिकाम्या नळीत द्रव भिंतीलगत ओघळून जातं, वाफ मधून सरळ निसटते आणि भेट होतच नाही. कॉलम ओळंब्यात उभा नसेल, जरासा कलला असेल, तरी द्रव एका बाजूने वाहतं आणि तेच होतं.

आता प्रश्न असा की माथ्यावर द्रव झालेल्यातलं परत किती पाठवायचं आणि काढून किती घ्यायचं. या दोन भागांच्या गुणोत्तराला रिफ्लक्स रेशो म्हणतात. चार भाग द्रव झाले, तीन परत पाठवले आणि एक घेतला तर रेशो तीन. सगळंच परत पाठवलं तर कॉलम त्याला शक्य तेवढं उत्तम वेगळं करतो, पण हाती काहीच येत नाही. काहीच परत पाठवलं नाही तर माल भराभर येतो, पण ती साधी भट्टी झाली. कॉलम चालवणाऱ्या माणसाचं सगळं कौशल्य या दोन टोकांच्या मधली जागा धरून ठेवण्यात आहे. नवखा ऑपरेटर घाईने तोटी उघडतो, माथ्याचं तापमान अर्ध्या अंशाने हलतं आणि शुद्धता पडते. जुना ऑपरेटर आधी सगळं परत पाठवत कॉलम स्थिर होऊ देतो आणि मग हळूहळू काढायला लागतो. आच जास्त झाली तर आणखी एक गोष्ट घडते. वर जाणारी वाफ इतक्या जोरात येते की द्रवाला खाली उतरूच देत नाही. ते मध्येच तुंबतं आणि उसळून माथ्यातून बाहेर येतं. ‘कॉलम फ्लड झाला’ असं म्हणतात ते हेच. अशा वेळी आच कमी करून वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसतं.

कॉलम कितीही उंच केला तरी एक भिंत आडवी येतेच. वजनाने ९५.६ टक्के इथेनॉल झालं की त्या मिश्रणाची वाफ आणि द्रव यांचं प्रमाण एकच होतं. ते ७८.२ अंशांच्या आसपास, शुद्ध इथेनॉलच्याही किंचित खाली उकळतं. वाफ द्रवापेक्षा समृद्ध नसेल तर पुढची पायरी चढायची कशी? पेट्रोलमध्ये मिसळायला जवळजवळ कोरडं इथेनॉल लागतं. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या त्यासाठी कॉलमनंतर मॉलिक्युलर सीव्ह वापरतात. हे बारीक छिद्रांचे खडे असतात, पाण्याचा रेणू छिद्रात मावतो आणि इथेनॉलचा मावत नाही. उरलेलं पाणी तिथे अडकतं.

एकामागून एक भांडी भरण्याऐवजी कॉलम अखंड चालू ठेवायची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात आकाराला आली. तिचं सर्वांत टिकलेलं रूप डब्लिनच्या इनियास कॉफीने १८३० मध्ये पेटंट केलं. गंमत म्हणजे कॉफी आधी आयर्लंडच्या अबकारी खात्यात अधिकारी होता. बेकायदा भट्ट्या पकडण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला भट्टीचे गुणदोष ठाऊक असणारच.

तांबंच का

तांब्याबद्दल पहिलं उत्तर मिळतं ते उष्णतेचं. तांबं स्टेनलेस स्टीलपेक्षा सुमारे पंचवीसपट चांगलं उष्णतावाहक आहे, हे खरं. खालच्या भांड्याला आणि माथ्यावरच्या थंडाव्याच्या नळीला त्याचा उपयोगही होतो. पण मधल्या कॉलमच्या भिंतीला उष्णता वाहून नेण्याचं काही काम नसतं. उलट ती आत राहिलेली बरी, म्हणून कॉलमवर बाहेरून आवरण घालतात. तिथे तांबं लागतं ते वेगळ्या कारणाने.

यीस्ट साखर आंबवतं तेव्हा थोडी गंधकाची संयुगं तयार होतात. सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड हे त्यातलं ओळखीचं नाव, पण त्याची आणखीही भावंडं असतात. अगदी सूक्ष्म प्रमाणातही नाकाला जाणवणारी. गरम वाफ तांब्याला स्पर्शून गेली की गंधक तांब्याशी बांधला जातो, कॉपर सल्फाइडचा काळपट थर भांड्यावर राहतो आणि वास मालात जात नाही. म्हणजे तांबं इथे स्वतः झिजत काम करतं. स्कॉटलंडमधल्या डिस्टिलऱ्यांना तांब्याच्या भांड्यांचे पातळ झालेले भाग काही वर्षांनी बदलावे लागतात ते यामुळेच.

आपल्याकडे तांब्याचं नातं जुनं आहे. पायधुनीचा तांबाकाटा अजून भांड्यांचा बाजार आहे. तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कल्हई लागते हे आजीच्या पिढीला सांगावं लागत नसे: आंबट पदार्थ तांब्यात राहिला तर तांबं अन्नात उतरतं. भट्टीच्या कॉलममध्ये कल्हई चालत नाही, तांब्याचा उघडा पृष्ठभागच हवा असतो. सल्फाइडचा थर साचला की तो घासून काढून पुन्हा तांबं उघडं करावं लागतं.

कॉलममध्ये ज्या गोष्टी कधीच नसाव्यात त्यातली पहिली म्हणजे सांध्यांना दिलेला शिशाचा डाग, म्हणजे सोल्डर. जुन्या पद्धतीच्या सोल्डरमध्ये शिसं असतं, आणि गरम अल्कोहोल-आम्लाच्या वाफेत ते हळूहळू उतरतं. बेकायदा भट्ट्यांमध्ये थंडाव्यासाठी गाडीचा जुना रेडिएटर जोडल्याच्या आणि त्यातल्या शिशाने माणसांना कायमची विषबाधा झाल्याच्या नोंदी जगभरच्या वैद्यकीय लिखाणात आहेत. रबरी नळ्या, प्लॅस्टिकचे जोड यांचीही तीच गत, तीव्र अल्कोहोलची गरम वाफ त्यातले घटक विरघळवते.

माहुलकडे बघताना

ईस्टर्न फ्रीवेवरून चेंबूरकडे जाताना माहुलच्या बाजूला जे मनोरे दिसतात, त्यातले बरेचसे कॉलम आहेत. तिथल्या दोन्ही रिफायनऱ्या पन्नासच्या दशकाच्या मध्यात उभ्या राहिल्या. त्यांच्यात दारूऐवजी कच्चं तेल उकळतं आणि दोनाऐवजी शेकडो घटक वेगळे होतात: माथ्याला गॅस आणि नाफ्था, मध्ये रॉकेल आणि डिझेल, तळाला डांबराकडे जाणारा जड भाग. तत्त्व अगदी तेच. नीट पाहिलं तर कॉलमच्या माथ्यातून निघून खाली उतरणारी जाड नळी दिसते, ती वाफेची. वाफेला द्रवाच्या शेकडोपट जागा लागते, म्हणून ती जाड. ही नळी थंडाव्याच्या यंत्रातून एका आडव्या टाकीकडे जाते. टाकीतून निघून कॉलमच्या वरच्या भागात परत शिरणारी बारीक नळी म्हणजे रिफ्लक्स.

औषध कंपन्यांसाठी हेच यंत्र पैसे वाचवतं आणि खाडीही वाचवतं. एका औषधाच्या मागे कितीतरी पट टोल्युइन, मिथेनॉल, आयसोप्रोपिल अल्कोहोल असं द्रावक लागतं. ते वापरून झाल्यावर गाळून परत वापरलं नाही तर जायचं कुठे? मी जिथे काम केलं तिथे दिवसपाळीचा पहिला प्रश्न असायचा: रात्री टॉप (माथ्यातून काढलेला माल) किती आला आणि त्यात पाणी किती होतं? उत्तर समाधानकारक नसेल तर तो माल पुन्हा कॉलममध्ये.

घरात का नाही

कायदा स्पष्ट आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, आता ज्याला महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात, त्याच्या ६५व्या कलमानुसार परवान्याशिवाय दारू बनवणं आणि बनवण्याच्या हेतूने भट्टी, भांडी किंवा साहित्य जवळ बाळगणं हे दोन्ही गुन्हे आहेत. थोडीच बनवली, विकली नाही, तांब्याची सुबक होती, यातलं काही बचाव म्हणून चालत नाही. राज्य उत्पादन शुल्क विभाग गूळ-नवसागराच्या रसायनाची पिंपं ओतून देताना ज्या कायद्याने कारवाई करतो, तोच कायदा फ्लॅटमधल्या चकचकीत कॉलमलाही लागू आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी मुंबईचं घर या यंत्राची जागा नाही. अल्कोहोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. हवेत तिचं प्रमाण साधारण ३.३ ते १९ टक्क्यांच्या मध्ये आलं की ठिणगी पुरते. चाळीस टक्क्यांचं अल्कोहोल २६ अंशांच्या आसपासच पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, आणि आपल्या स्वयंपाकघरात वर्षातले किती दिवस २६ च्या खाली असतात? थंडाव्याचं पाणी बंद पडलं, म्हणजे इमारतीचं पाणी गेलं, तर माथ्याची वाफ द्रव होणं थांबतं आणि सगळी सरळ खोलीत येते. शेजारी गॅसची शेगडी. वन रूम किचनमध्ये, खाली-वर बिऱ्हाडं असताना, हा धोका एकट्याचा राहत नाही.

ज्यांना ऊर्ध्वपातन हातांनी करून पाहायचंच आहे त्यांच्यासाठी गुलाबपाणी किंवा वाळ्याचं पाणी आहे. फुलं आणि पाणी, आंबवणं नाही, अल्कोहोल नाही. कनौजचे अत्तरवाले तांब्याच्या डेगेत हेच करतात. मात्र तिथे उंच कॉलम उपयोगाचा नाही. रिफ्लक्सने सुगंधी तेलाचा भाग परत भांड्यात गेला तर नुकसानच. त्यासाठी साधं भांडं आणि साधी नळी बरी. आणि वाफेचा मार्ग कुठेही बंद होणार नाही, बाहेरचं टोक कायम उघडं राहील, एवढं बघायचं.

पहिली धार आणि मिथेनॉल

हातभट्टीच्या जगात पहिल्या धारेच्या दारूला मान असतो. ती सर्वांत कडक असते हे खरं. पण अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि इथाइल अ‍ॅसिटेट हे झोंबणारे, डोकं उठवणारे घटकही त्याच धारेत सर्वांत जास्त असतात, म्हणून परवानाधारक डिस्टिलरी पहिला भाग वेगळा काढते. शेवटच्या धारेत आयसोअमाइल अल्कोहोलसारखे जड घटक येतात, तोही भाग वेगळा. मधला तेवढा घ्यायचा.

इथून एक समजूत पसरली आहे आणि ती जीवघेणी आहे. मिथेनॉल, म्हणजे इथेनॉलचं शरीरात विष बनणारं भावंड, ६४.७ अंशांना उकळतं, म्हणजे ते सगळं पहिल्या धारेत निघून जातं, पहिली धार फेकली की दारू सुरक्षित. सुरुवातीला आपण जो हिशेब चुकीचा ठरवला, तोच हा हिशेब. मिश्रणात पाणी भरपूर असताना मिथेनॉल इथेनॉलपेक्षा जास्त ओढीने पाण्याला धरून राहतं, कारण त्याचा रेणू लहान आणि पाण्याशी त्याचं जास्त जमतं. साध्या भट्टीत ते पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या अशा सगळ्या धारांमध्ये येत राहतं. उंच कॉलममध्ये, माथ्याजवळ पाणी जवळजवळ संपतं तिथेच ते हलक्या घटकासारखं वागायला लागतं.

आता उलट बाजू. गूळ किंवा साखर आंबवून मुळात मिथेनॉल फारच थोडं तयार होतं. फळांमधल्या पेक्टिनपासून थोडं जास्त होतं, पण तेही प्रमाण कमीच. मग माणसं कशाने मरतात? २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली. २००४ च्या डिसेंबरमध्ये विक्रोळीत ऐंशीहून अधिक. विषारी दारूच्या अशा मोठ्या घटनांत मिथेनॉल भट्टीत तयार झालेलं नसतं. ते कारखान्याच्या वाटेने आलेलं, स्वस्त, बाहेरून मिसळलेलं असतं. कधी ते इथेनॉल समजून मिसळलं जातं, कधी जाणूनबुजून. त्यामुळे पहिली धार फेकणं, तांब्याचा कॉलम वापरणं, दारू दोनदा गाळणं यातलं काहीही अशा बाटलीला लागू पडत नाही. जे नंतर ओतलं गेलं ते वेगळं करायला त्यानंतर कुठलाच कॉलम नाही. वासावरून ते ओळखता येत नाही. चमचाभर पेटवून ज्योत पाहण्याची युक्तीही फसवी आहे, कारण इथेनॉलमध्ये मिसळलेलं मिथेनॉल ज्योतीत दिसत नाही. मरणारी माणसं दिवसभराच्या अंगमेहनतीनंतर मिळेल ती स्वस्त पिशवी घेणारी असतात, आणि त्यांच्या मरणानंतर ‘भट्टी खराब होती’ एवढंच म्हणून विषय संपवला जातो याची मला चीड येते.

मिथेनॉल स्वतः तितकं विषारी नाही. यकृत त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करतं. हे आम्ल रक्तात साचतं आणि डोळ्यांच्या मज्जातंतूवर पहिला घाव घालतं. दहा मिलिलिटर शुद्ध मिथेनॉलनेही दृष्टी जाऊ शकते, तीसच्या आसपास जीव जाऊ शकतो. त्रास बऱ्याचदा बारा ते चोवीस तासांनी सुरू होतो. सोबत इथेनॉलही प्यायलेलं असेल तर आणखी उशिरा, कारण यकृत आधी इथेनॉल हातात घेतं. त्यामुळे माणूस रात्री ठीक दिसतो, झोपतो, आणि दुसऱ्या दिवशी ‘उतरली नाही’ म्हणून घरचे त्याला पडून राहू देतात. याच तासांत डोळे आणि जीव वाचण्याची संधी निघून जाते.

धूसर दिसणं, डोळ्यांसमोर पांढरं पसरल्यासारखं होणं, उलट्या, पोटात तीव्र दुखणं, जोरजोरात श्वास चालणं, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा किंवा थेट मोठं रुग्णालय गाठा: केईएम, सायन, नायर, कूपर, जे जवळ असेल ते. तिथे विषाचं आम्लात रूपांतर थांबवणारं औषध देता येतं आणि डायलिसिसने मिथेनॉल व आम्ल रक्तातून काढता येतं. काही ठिकाणी उपचार म्हणून मोजून इथेनॉलही देतात, पण ते डॉक्टरांच्या हाती. घरी आणखी दारू पाजणं हा उपाय नाही. दारूची बाटली किंवा पिशवी उरली असेल तर सोबत न्या, काय प्यायलं आणि किती वाजता ते डॉक्टरांना लपवू नका. आणि त्याच्यासोबत त्याच जागी प्यायलेले जे कोणी असतील त्यांना, ते आत्ता चांगले दिसत असले तरी, लगेच बोलावून घ्या.